कुणाची पावलं?

चूक माझीच होती, आणि चांगली चकचकीत होती. घर घेतलं तेव्हा हॉलच्या फरशीचा हट्ट मी धरला होता. पांढरीशुभ्र, खाली वाकून केस विंचरून घ्यावेत अशी. "कुणाचा तरी पाय घसरेल गं," सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. मी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

घसरला तो त्यांचाच पाय. माझ्या अकरा महिन्यांच्या ठमीच्या बाटलीतलं दूध सांडलं होतं, चारच थेंब. पांढऱ्यावर पांढरं, दिसणार कसं? मनगटाचं हाड चिरलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, मनगट पूर्ववत झालं. पण आई काही त्यांच्या खोलीच्या दाराबाहेर येईनात. न्हाणीघर खोलीला लागूनच, त्यामुळे अडत काहीच नव्हतं. हॉलच्या खिडकीशी त्यांची वेताची खुर्ची आहे. सकाळी तिथे बसून त्या रस्त्यावरच्या प्रत्येकाची हजेरी घ्यायच्या. ती खुर्ची आता रिकामी असायची.

"खुर्ची खोलीत आणू का?" मी एकदा विचारलं.

"नको. या खिडकीतून नुसती भिंत दिसते. भिंतीला मेलं काय नावं ठेवायची?"

डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "आत्ता चालल्या नाहीत, तर पुढे चालताच येणार नाही." दाराच्या आत आजी, बाहेर रांगणारी नात, आणि मध्ये माझी हौस, पॉलिश केलेली.

गालिचा घालू, असं ठरलं. मी आधीच एक मनात धरला होता. सायीच्या रंगाचा, बोटभर उंच लोकरीचा, मांजरासारखा मऊ. ठमीला नवऱ्याच्या स्वाधीन केलं आणि तासाभरासाठी बाजार गाठला.

गालिच्यांचं दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळा बाजार टेपबाई म्हणतो, कारण मोजायची टेप त्यांच्या गळ्यात कायम असते. साठीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र भरदार. मी सगळी हकिगत सांगितली आणि ऐटीत म्हणाले, "माप घेऊनच आलेय. आईंच्या दारापासून खिडकीपर्यंत बरोबर नऊ पावलं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कुणाची पावलं?"

"माझी."

"आणि चालायचंय कुणाला?"

"आईंना."

"मग माप तुमच्या पावलांचं कशाला? उद्या येते मी."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या काखेत दोन गुंडाळ्या घेऊन. दारातच चपला काढल्या, मोजेही काढले. मला वाटलं, आता टेप निघेल. पण बाई सरळ गुडघ्यांवर बसल्या आणि ठमीच्या शेजारी रांगायला लागल्या! ठमीला बरोबरीचं कुणीतरी भेटलं. ती खिदळत पुढे, टेपबाई मागे.

"खालून बघितल्याशिवाय फरशी कळत नाही," त्या तिथूनच म्हणाल्या. "इथून बघा जरा. खिडकीचा उजेड पडला की सगळी फरशी ओली दिसते. पाणी कुठलं आणि चकाकी कुठली, कसं ओळखायचं?"

"तेच!" खोलीच्या दारातून आवाज आला. आई चौकट धरून उभ्या होत्या. "तेच मी कधीपासून सांगतेय!"

"आई, कधी सांगितलंत?"

"मनात सांगत होते. तुला कुठे वेळ असतो ऐकायला?"

मी माझ्या सायीच्या रंगाचा विषय काढला. टेपबाईंनी नकार दिला नाही. पिशवीतून तसल्याच लोकरीचा एक तुकडा काढून दाराशी ठेवला. "काकू, यावर पाय ठेवून बघा. चौकट सोडू नका." पडल्यापासून आईंचा डावा पाय जरा घासत पडतो. अंगठा लगेच लोकरीत अडकला.

"बघितलंत? ही लोकर बसणाऱ्यांची. चालणाऱ्यांची नव्हे."

इतके दिवस मी आईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. पायांकडे बघायचं सुचलंच नव्हतं.

मग टेपबाईंनी गुंडाळ्या सोडल्या. घट्ट विणीच्या दोन सतरंज्या निघाल्या, विटकरी रंगाच्या. प्रत्येक जेमतेम हातभर लांब, खाली रबराची जाळी. पांढऱ्यावर तो रंग असा उठला की कड आंधळ्यालाही दिसावी. माझ्या हॉलला तो रंग शोभेल की नाही, हा प्रश्न ओठांवर आला होता. मी तो गिळला.

"माप तुमच्या पावलांचं घ्यायचंय, काकू. तुम्ही चालल्याशिवाय कसं घेऊ?"

आईंनी खिडकीकडे पाहिलं. मग फरशीकडे. हात चौकटीवरून सुटेना.

"एवढ्याशा तुकड्यावरून खिडकी गाठू होय मी?"

"तुम्ही पहिल्यावर उभ्या राहा. पुढचा मी घालते. मागचा ही सून उचलून पुढे आणेल. मी या बाजूला, ही त्या बाजूला. पडायला जागा ठेवलीये का कुठे?"

"म्हणजे पायघड्याच घालताय म्हणा की!"

"घालतेय. जरा मिजाशीत चला."

एक. दोन. आई मोठ्याने मोजत होत्या. त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती. मी वाकून तुकडा उचलायचे तेव्हा टेपबाईंचा हात त्यांच्या कोपराखाली यायचा, धरायचा नाही, नुसता असायचा. आठ. नऊ. माझ्या नऊ पावलांत खिडकी येते; आईंच्या नऊ पावलांत आपण अर्ध्यातही आलो नाही, हे तेव्हा मला कळलं. तेच अंतर त्यांच्यासाठी माझ्या दुपटीहून लांब होतं.

तेराव्या पावलाला ठमी येऊन पुढच्या तुकड्यावर फतकल मारून बसली.

"सरक गं ठमाबाई, आजीची स्वारी येतेय!"

ठमी ढिम्म. मी उचलायला वाकले, तर आईंनी मला थांबवलं. माझ्या खांद्यावरचा हात काढला, दोन्ही पाय जुळवले आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. कुणाचाही आधार न घेता, हॉलच्या मध्यावर. "बसू दे तिला. मला घाई नाही." ठमीचं समाधान झाल्यावर ती बाजूला सरकली, आणि मोजणी पुढे सुरू झाली.

बाविसाव्या पावलाला आईंचा हात वेताच्या खुर्चीला लागला. बसल्या, श्वास घेतला, खाली पाहिलं. "समोरच्यांनी सायकल अजून दुरुस्त केलेली नाही वाटतं. आळशी माणूस!"

टेपबाईंनी मग कुठे टेप काढली, अंतर मोजलं आणि वहीत लिहिलं. मी डोकावले. आकड्यांच्या शेजारी लिहिलं होतं: 'काकूंची बावीस पावलं. रंग विटकरी. लव नको.'

आठवड्याने अखंड सतरंजी आली. हॉलला ती शोभते. खरं सांगायचं तर हॉलच आता तिला शोभतो.

आई रोज सकाळी मोजत खुर्चीपर्यंत जातात. आज ठमीला मांडीवर झोपवून मी ऐकत होते. मोजणी एकोणीसवर थांबली.

"अगं, सतरंजी आटली की काय?" खुर्चीतून आवाज आला.

मी टेपबाईंची टेप मागून आणली नाही. सतरंजी तेवढीच होती.