धुतलेला चेहरा

सकाळचं ऊन विहाराच्या पायरीवर आलं, तेव्हा पॉलिशवालीची आई तिथे बसलेली होती. हातात एक कमळ. मूर्तींच्या कारखान्यात तीस वर्षं संगमरवर घासून तिच्या फुफ्फुसांचं पार वाटोळं झालं होतं. विहारातली नवी मूर्ती मायलेकींनी मिळून घासली, पण चेहऱ्याला आईने लेकीला हात लावू दिला नाही. तोंडाने त्रिशरण म्हणत चार महिने एकटीनेच घासला. तेव्हा ती मूर्तीच्या मांडीवर पाय देऊन चढायची, कुणाचं काही बिघडलं नाही. काल प्रतिष्ठापना झाली आणि चौथऱ्याला दोरी लागली. बायकांनी वर यायचं नाही!

"दादा, पायाशी फूल ठेवते नि उतरते," आई म्हणाली. दादा म्हणजे तिचा सख्खा भाऊ, समितीचा अध्यक्ष.

"हट्ट करू नकोस गं. आता तो दगड राहिलेला नाही. पावित्र्य म्हणून काही असतं की नाही?"

"मामा, तिला दम लागतोय. दोनच तर पायऱ्या आहेत," पॉलिशवाली कळवळली.

"खालून ठेवा. भाव महत्त्वाचा." मामाने पाठ फिरवली आणि वर फोटोसाठी उभा राहिला.

"वळेल त्याचं मन," म्हणत आई दुपारपर्यंत बसून राहिली. बसल्या जागीच गेली. कमळ मुठीतून सोडवावं लागलं.

समितीला लगेच विटाळ आठवला. याच विटाळाला विटून यांचे आजे बुद्धाकडे आले होते, ते मात्र आठवलं नाही. पायरी धुतली, मग कुणीतरी म्हणालं, बाईचे हात मूर्तीवरही फिरलेत, तीही धुऊन टाका. फरशीचं ॲसिड होतंच. संगमरवरावर ॲसिड! कारखान्यातल्या कुणीही थांबवलं असतं, पण विचारतो कोण? पापण्या, ओठ, सगळं खरबरीत झालं.

आठवड्याने मामा कारखान्यात आला.

"तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही, बाळ. दार लावून घेऊ. कुणाला कळायचं नाही."

"आणि मी उतरले की पुन्हा ॲसिड?"

मामाने खिशातून पाकीट काढलं.

"दार उघडं ठेवा, दोरी सोडा, सगळ्या बायकांना वर येऊ द्या. आईचं काम मी फुकट करीन."

"समिती ऐकणार नाही."

"मग राहू दे तसंच."

"बुद्धाचा चेहरा आहे तो! लाज नाही वाटत?"

"बुद्धाला काही झालेलं नाही, मामा. तुम्ही माझ्या आईचे हात जाळलेत."

आता मूर्तीच्या तोंडावर पडदा असतो. दर पौर्णिमेला मामा त्या पडद्यापुढे करुणेची वचनं खड्या आवाजात म्हणतो आणि दोरीअलीकडे खाली बसलेल्या बायका त्याच्यामागून म्हणतात. पॉलिशवाली पायरीवर आईच्या जागी बसते, पिशवीत घासायचा दगड घेऊन. दोरी साधी सुतळीची आहे. सोडायला एका माणसाचे हात पुरतील, पण वंदना संपली की सगळे ते हात जोडून घरी जातात.