टावीकाठच्या सामन्यातल्या चार धावा

पोराच्या धावा लिहायच्या, तर भरवसा कुणावर ठेवाल? सख्ख्या बापावरच ना? मीही तेच समजत होते. मी टावी नदीकाठच्या आमच्या क्रिकेट क्लबाची धावांची वही बोलतेय.

माझा मुक्काम हेझेकाया प्रॉसर यांच्या कापडदुकानात, गजपट्टीशेजारी. प्रॉसरशेट गावच्या चॅपलचे, म्हणजे प्रार्थनाघराचे, कारभारी. माप इतकं चोख, की गिऱ्हाईक घरी जाऊन कापड पुन्हा मोजत नसे. म्हणून तर गावानं मला त्यांच्या हाती दिलं.

त्यांचा एकुलता एक इद्वल इंग्लंडात विद्यापीठात शिकत होता. अठराशे चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सुटीला आला, तो तिथल्या कप्तानाचा शब्द घेऊनच: गावाकडे एक शतक कर, वही आणून दाखव, पुढल्या वर्षी अकरांत घेतो.

सामन्याला शेट बाकावर, मी त्यांच्या मांडीवर. शेजारी ग्विलिम खाटीक.

"पेन्सिल जपून हं, शेट! घरच्या गिऱ्हाइकाला गजामागे चार बोटं जास्त जातात म्हणे!"

बाकावर हशा पिकला. शेटांचे कान लाल झाले.

पुढच्याच षटकात चेंडू इद्वलच्या बॅटची कड घेऊन सीमेपार गेला. टक्! मला बाकावर ऐकू आलं. पंचांनी अवांतराची खूण केली नव्हती. शेटांची पेन्सिल जरा अडली, आणि त्या चार धावा त्यांनी अवांतरात, म्हणजे कुणाच्याच नावावर न जाणाऱ्या धावांत, टाकल्या.

शेवटचा गडी बाद झाला तेव्हा इद्वल नाबाद होता. धापा टाकत आला.

"किती झाल्या, बाबा?"

"सत्त्याण्णव."

"आणि तो कडेवरून गेलेला चौकार?"

"बॅटला लागलेला मला नाही ऐकू आला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही लिहिलंय ना? मग तेच खरं."

ग्विलिम पुटपुटला, "अहो शेट, थट्टा केली हो मी!"

मला विद्यापीठात कुणी नेलं नाही. त्या हिवाळ्यात इद्वलच खोकत घरी परतला. दुकानाच्या माडीवर त्याचं अंथरूण पडलं. एकदा त्यानं मला मागून घेतलं, ते पान काढलं आणि हळूच विचारलं, "बाबा, खरंच नव्हतं ऐकू आलं?"

शेट त्याच्या पांघरुणाची घडी नीट करत राहिले.

मार्चमध्ये तो गेला. चॅपलमधून परतल्यावर शेटांनी काळा कोटही उतरवला नाही. मला उघडलं, अवांतरातल्या चार धावा शाईनं खोडल्या आणि इद्वलच्या नावापुढे लिहिलं: एकशे एक, नाबाद. मग मोठ्यानं वाचून दाखवलं. माडीवर ऐकायला कोणी नव्हतं.

संघाची बेरीज तेव्हाही तीच होती, आजही तीच आहे. बेरीज बघून कुणाला काही कळायचं नाही.

आता मी काळ्या कापडाच्या तुकड्यांखाली पडून असते. तुमच्या हाती कधी कुणाची वही आली, तर एवढं ऐका. लोक हसतील म्हणून आपल्या माणसाचं माप कमी भरू नका. हिशेब खरा लिहा, आणि तो माणूस ऐकायला आहे तोवर लिहा.