टोबणीचा हात

आसमाने मोबाईलवर बियाण्याच्या एका जुन्या पाकिटाचा नंबर टाकला, बोट टेकवलं आणि ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर हिरवी चौकट आली. तिच्यात लिहिलं होतं, ‘बियाणे योग्य’.

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण तो नंबर मी दिला होता. पुढच्या खुर्चीवर बसलेले रामराव, गावातल्या कृषी केंद्राचे मालक, मागे वळले.

“पाह्य ताने, आता मशीनबी सांगून राह्यली. बी चांगलंच होतं. हात खराब होता.”

लोक हसले. मी उठून गेले नाही. सभा संपेपर्यंत रामरावांच्या मानेकडे बघत बसले.

हे दुखणं सहा वर्षांचं. त्याआधी उंद्रीच्या शिवारात कपाशीची टोबणी म्हटलं की माझं नाव निघायचं. बीटीचं पाकीट आलं तशी सरकी मुठीनं टाकायचे दिवस गेले. महागाचा दाणा, आखलेल्या रेघांच्या फुलीवर एकेक करून ठेवायचा, दीड बोट खोल, वर हलकी माती. म्हणून मृगाच्या आधीच लोक घरी येऊन सांगून ठेवत की पहिलं तास, म्हणजे टोबणीची पहिली ओळ, तानाबाईनं धरायचं.

गुलाबी बोंडअळीनं सगळ्यांना लुटलं, त्याच्या आदल्या साली माझा नवरा गेला. त्याच मृगात मी अर्जुनरावांचं वावर टोबलं. ओल चांगली होती, उघाडही वेळेवर मिळाली. तरी वावर टक्कल पडल्यासारखं राहिलं. अर्जुनराव रिकामी पाकिटं घेऊन दुकानात भांडायला गेले. रामरावांनी पाकिटांकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “वरीस नाही झालं तिचा नवरा मरून. रांडमुंड बाईच्या हातानं बी लावता, अन् मले पुसता काऊन नाही उगवलं?”

अर्जुनरावांना ते पटलं, मग गावाला पटलं. निंदायला मला बोलावत, वेचायलाही बोलावत. टोबणीच्या दिवशी मात्र बाया माझ्या दारावरून जाताना आवाज खाली करत.

त्या पाकिटांतलं एक मी उचलून आणलं होतं. त्यात सुईदोरा ठेवायची. पुढे बचत गटाच्या वर्गात अक्षरं शिकले, तेव्हा घरात छापील असं तेवढंच होतं. वाचून वाचून त्यावरचा लॉट नंबर पाठ झाला.

आसमा ही शेजारच्या शकूरभाईंची मुलगी. ते गाद्या भरतात, ती चिखलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. हे अ‍ॅप तिनं बनवलेलं. पाकिटावरचा लॉट नंबर टाकला की ते बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरला विचारतं, तिकडून निकाल आणतं आणि मोबाईलवर मांडतं. एकीनं विहिरीवरून पाणी आणावं आणि दुसरीनं पंगतीत वाढावं, तसं ते काम.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती लॅपटॉप छातीशी धरून माझ्या ओट्यावर आली. डोळे सुजलेले.

“मावशी, चूक माही हाय. तिकडून जवाब आला, येवढंच माह्या अ‍ॅपनं पाह्यलं. जवाब आला म्हंजे बी चांगलं, अशी हिरवी चौकट मी लावून ठेवली. आत काय लिहेल हाय, ते त्यानं वाचलंच नाही.”

“म्हंजे आणणारीनं बराबर आणलं, अन् वाढणारीनं न पाह्यता वाढलं?”

“हाव.”

तिनं मला आतलं लिहिलेलं दाखवलं. सगळं इंग्रजीत, महिरपी कंसांत कोंबलेलं. माझा नंबर मी ओळखला, बाकीचं तिनं वाचलं. उगवण अर्ध्याहून कमी. नापास. विक्री बंद करण्याचा हुकूम, आणि तो दुकानांना कळवल्याची तारीख. तारीख मे महिन्यातली होती. आम्ही टोबलं मृगात.

मी तिला म्हटलं, हे आताच कुणाला दाखवू नको, दुकानात बियाण्याची गर्दी होऊ दे. तिनं नाही म्हणून मान हलवली. तोवर लोक सगळंच हिरवं बघतील आणि एखादा खराब बी घेऊन बसेल, असं तिचं म्हणणं.

“अ‍ॅप तर मी आजच दुरुस्त करते, मावशी. पण तुमचा नंबर मी कोणाले सांगत नाही. तो तुमचा हाय.”

गावाच्या ग्रुपवर तिनं नवं अ‍ॅप टाकलं आणि सभेत चूक झाली होती, हेही लिहिलं. जुना नंबर पुन्हा टाकून बघावा असं कुणाला वाटलं नाही.

मृगाच्या आदल्या बाजाराला रामरावांचं दुकान रस्त्यापर्यंत भरलं होतं. मी काउंटरला पाठ लावून उभी राहिले आणि म्हटलं, मोबाईल काढा, अर्जुनरावांच्या त्या पाकिटाचा नंबर मी सांगते. धंद्याच्या वेळी तमाशा नको, असं रामराव म्हणाले. मी एकेक आकडा मोठ्यानं सांगत गेले. लोक टाकत गेले. पहिला मोबाईल लाल झाला, मग त्याच्या शेजारचा, मग रस्त्यावरचे. कुणीतरी विक्रीबंदी दुकानांना कळवल्याची तारीख मोठ्यानं वाचली. रांगेत अर्जुनराव होते. त्यांनी दोनदा वाचलं, मोबाईल खिशात घातला आणि माझ्याकडे न बघता रांगेतून निघून गेले.

रामराव सांगायला लागले की कंपनी माल परत घेत नव्हती, तालुक्यात सगळेच विकत होते. मी त्यांना एवढंच विचारलं, “तुमाले मालूम होतं, तरी माह्या हाताचं नाव घेतलं?”

त्यांनी समोरच्या रिकाम्या होत चाललेल्या रांगेकडे पाहिलं.

“कोणाचं तरी घ्याच लागते, ताने.”

दोन दिवसांनी अर्जुनरावांनी पहिलं तास धरायला निरोप पाठवला. बायाही बोलवायला आल्या. मी त्यांना सांगितलं, येईन, पण रामरावांच्या वावरात जाईल त्या टोळीत मी नाही. कुणी कारण विचारलं नाही. रामरावांनी दुसऱ्या गावात माणूस धाडला, पण ऐन टोबणीत मोकळ्या बाया कुठून मिळणार? शेवटी ते स्वतः माझ्या दारात आले. ओट्यावर बसले नाहीत. भर पंचायतीत माफी मागतो म्हणाले, ओल चालली म्हणाले.

“सहा मृग मी या दारात बसून काढले,” मी म्हटलं. “तुमी एक काढा.”

ते चप्पल ओढत गेले.

अर्जुनरावांच्या वावराला रामरावांचं वावर लागून आहे, मध्ये फक्त धुऱ्याचा बांध. मी पहिलं तास धरलं होतं, मागे बाया. पलीकडे रामराव एकटेच टोबत होते. धोतर खोचलेलं, एक हात कमरेवर. प्रत्येक फुलीवर ते बोट पार मुळापर्यंत मातीत घालत, दाणा सोडत आणि वरून टाचेनं दाबत.

माझ्या मागची विमल थांबली. “तानाबाई, लय खोल जाऊन राह्यलं ना त्याचं. नाही निंघत ते वर. सांगू का?”

दाण्याचा काही गुन्हा नव्हता. तरी “तू आपलं तास पाह्य,” असं विमलला म्हणून मी पुढच्या फुलीवर वाकले, सरकी ठेवली आणि अंगठ्यानं माती लोटली.