शेठच्या मागची दोन चाकं

जुनी गाडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला ठाऊक आहे, मित्रांनो. पण मला ना छप्पर, ना सीट, ना ब्रेक. दोन लहान चाकं, दोन नळ्या आणि मधे कापडाची झोळी, एवढाच माझा संसार. शिवाय माझा प्रवासी माझ्यात बसायचा नाही, मला घेऊन चालायचा. आता मी दुकानाच्या मागच्या भिंतीला खुंटीवर असते. नवीन गिऱ्हाईक मान वर करून विचारतं, "हे कसलं हो यंत्र?" त्याचंही चुकत नाही. आपण कशासाठी आहोत, हा उलगडा मलाही पहिले काही दिवस झाला नव्हता.

ज्या खोलीत माझा जन्म झाला, तिच्या अर्ध्या भागात सायकली दुरुस्त व्हायच्या आणि अर्ध्या भागात शाळेचे गणवेश शिवले जायचे. सायकली काकांच्या, शिवण मावशीचं. दोघं नवराबायको. गल्ली त्यांना काका आणि मावशी म्हणायची, म्हणून मीही म्हणते. खोलीच्या मधोमध फरशीवर खडूची रेघ होती. "तेलकट हात रेघेपलीकडेच ठेवायचे," असा मावशीचा दंडक. कोणाच्या पांढऱ्या सदऱ्यावर काळा ठसा उमटला तर मावशी काकांची अशी खरडपट्टी काढायची की सायकलवाली गिऱ्हाइकंसुद्धा गपगुमान उभी राहायची. ती रेघ बिनदिक्कत ओलांडणारा एकच होता, तो म्हणजे शेठ.

शेठ हा कुत्रा. दुकानाच्या उंबऱ्यात पुढचे पाय पसरून, रस्त्याकडे बघत तो अशा थाटात बसायचा, की येणाऱ्याला वाटावं आधी याची परवानगी घ्यायला हवी. नाव त्यावरूनच पडलं. म्हातारपणी त्याचे मागचे पाय गेले. एका सकाळी तो उठायला गेला, पुढचं अंग उठलं आणि मागचं तिथेच राहिलं. त्यानंतर काका त्याच्या पोटाखाली टॉवेल घालून, मागचा भाग उचलून त्याला फिरवायचे. चार दिवसांत काकांच्या कमरेने संप पुकारला.

"असेच वाकत राहिलात तर तुम्हालाही चाकं बसवावी लागतील," मावशी म्हणाली.

काका हसले, मग हसता हसता थांबले आणि अडगळीत जाऊन लहान मुलांची एक तीनचाकी सायकल घेऊन आले. तिची दोन चाकं, एका मोडक्या घडीच्या खुर्चीच्या नळ्या, आणि मावशीने खास आणलेलं जाडंभरडं कापड. झाले मी तयार!

माझ्या पट्ट्यांसाठी मावशीने टेप घेऊन शेठचं माप घेतलं. छाती, पोट, कंबर, अगदी शिस्तीत. पण तिचा हात मुलांच्या गणवेशांवर बसलेला. मूल वर्षभरात वाढतं म्हणून ती प्रत्येक शिवणीत जादा कापड आत दुमडून ठेवायची. तेच तिने इथेही केलं.

"अगं, शेठ काय आता पुढच्या वर्गात जाणार आहे?" काकांनी चिडवलं.

"आजाराने सुकलाय तो. अंग भरलं म्हणजे? कापड एकदा कापलं की परत जोडता येत नाही," मावशी म्हणाली, आणि दोरा दातांनी तोडला.

मला पहिल्यांदा अडकवलं तेव्हा शेठ बराच वेळ नुसता उभा राहिला. मग एक पाय टाकला. मग दुसरा. आणि मग काय विचारता! मला खडखड ओढत तो थेट कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्याशी गेला. इतके दिवस कोण कोण येऊन गेलं त्याची त्याने नाकाने सविस्तर चौकशी केली. मावशी पदराने डोळे पुसत म्हणाली, "मेला, गेला तो गेला कुठे, तर उकिरड्यावर!" त्या दिवशी मी इतकी खूश होते की दगडगोट्यांचंही काही वाटलं नाही.

पण मित्रांनो, माझ्या मनात एक प्रश्न होता आणि तो मला स्वस्थ बसू देत नव्हता. मी शेठला फक्त मागून ओळखत होते. त्याची पाठ, शेपटीजवळचे विरळ झालेले केस, आत मुडपलेला डावा कान, हे सगळं मला पाठ होतं. पण त्याचं तोंड? मला अडकवायचं ते मागून, काढायचं तेही मागूनच. खुंटीवरून बघावं तर तो उंबऱ्यात रस्त्याकडे तोंड करून बसलेला. झोपायचा तो शिलाईच्या मशीनखाली, तिथे माझी नजर पोचत नसे. मग मी लोकांच्या बोलण्यावरून अंदाज बांधू लागले. पाववाला म्हणायचा, "हा असा बघतो ना, की हात आपोआप पिशवीत जातो." शाळेत जाणारी एक मुलगी म्हणायची, "याला आजोबांसारख्या मिश्या आहेत." एक बाई तर त्याला बघताच रस्ता ओलांडायच्या. मी मनाशी ठरवून टाकलं, की शेठ म्हणजे मोठा रुबाबदार, मिशाळ आणि थोडा भीतिदायक असणार.

गंमत म्हणजे त्यालाही तोच प्रश्न पडलेला होता. आपल्या मागे सतत कोण चालतं, हे त्याला बघायचं होतं. तो चटकन मागे वळायचा. तो वळला की मी वळायचे. तो आणखी वळायचा, मी आणखी. भर रस्त्यात आमची अशी फुगडी सुरू व्हायची की दुकानदार बाहेर येऊन हसायचे. शेवटी दोघंही दमायचो. ना त्याला मी दिसायचे, ना मला तो.

बरेच दिवस आमचे चांगले गेले. पण शेठचं अंग काही भरलं नाही. उलट ते उतरत चाललं. पट्टे सैल व्हायचे, मी एका बाजूला कलायचे. मावशी मला मांडीवर घ्यायची, कापड आणखी थोडं आत दुमडायची आणि वरून टाके घालायची. कापायची मात्र नाही. "पुन्हा सोडायला लागेल," असं स्वतःशीच म्हणायची. एका घडीवर दुसरी, तिच्यावर तिसरी. माझे पट्टे काखेपाशी दोरखंडासारखे जाड झाले.

मग शेठ अध्येमध्ये थांबू लागला. कचऱ्याचा डबा समोर दिसत असताना थांबायचा आणि तिथूनच परत फिरायचा. काकांना वाटलं चाकं जड झाली. त्यांनी तेल घातलं, नळ्या वाकवून बघितल्या, चाकं बदलली. कशाचाही उपयोग झाला नाही. अखेर जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी फरशीवर बसून पट्ट्याखाली बोटं घातली. बोटं ओली झाली.

"इथे सोललंय. हे इतकं जाड कशाने झालंय?"

"जादा कापड आहे," मावशी म्हणाली. "अंग भरलं की सोडायला ठेवलंय."

बाई शेठच्या पोटावरून हात फिरवत राहिल्या. मग हलकेच म्हणाल्या, "मावशी, त्याचं अंग आता भरायचं नाही. आतून सगळंच थकलंय. जखम बरी करता येईल, पण दुखणं तेवढंच नाहीये. तुम्ही हाक मारता म्हणून तो उठतोय. त्याला निवांत जाऊ द्यायचं असेल तर मी घरीच येईन. ठरवा तुम्ही."

त्या गेल्यावर मावशी भडकली. "यांना काय जातंय बोलायला! दोन बुकं शिकल्या की झालं!" तिने मशीनचा पाय असा दामटला की कापडाचा चोळामोळा झाला. दुपारी दुकान बंद ठेवून मावशीने मला खाली उतरवलं. पट्ट्याचा एकेक टाका उसवला. सगळ्या घड्या उलगडल्या तेव्हा ते कापड केवढं तरी लांब निघालं. मोठ्या, धष्टपुष्ट कुत्र्याला पुरेल एवढं. मावशीने कात्री हातात घेतली आणि तशीच बसून राहिली. मला वाटलं ती पुन्हा दुमडणार. पण तिने कात्री चालवली. जादा कापड खाली पडलं आणि मावशी हुंदके देऊन रडली. काका रेघ ओलांडून आले. तेलकट हात तसेच तिच्या पाठीवर ठेवले. ती त्यांना एका शब्दानेही बोलली नाही.

जरा वेळाने तिने नाक ओढलं आणि कापडाला मऊ कडा लावत म्हणाली, "उद्या त्याला एकदा नीट फिरवून आणू. मग बाईंना बोलवा."

दुसऱ्या दिवशी माझे पट्टे पातळ आणि हलके होते. शेठ उभा राहिला, अंग झाडलं आणि चालू लागला. हळू, पण न थांबता. कचऱ्याच्या डब्याशी पूर्ण चौकशी झाली. पाववाल्याने अख्खा पाव पुढे केला. शेठने नुसता हुंगला, पण शेपटी हलली. ती शेपटी माझ्या नळीवर आपटली ते मला अजून आठवतं.

परत आल्यावर काकांनी पट्टे सोडले. रोज ते मला लगेच खुंटीला लावत. त्या दिवशी बाई येऊन बसल्या होत्या, खोलीत जागा नव्हती. काकांनी मला जागा दिसली तिथे ठेवलं. ती जागा नेमकी शेठच्या समोर होती.

मित्रांनो, मी त्याचं तोंड पाहिलं. ते भीतिदायक नव्हतं. लहानसं, पांढरं झालेलं, एका डोळ्यावर दुधाळ पडदा आलेलं. मिश्या होत्या खऱ्या, पण विस्कटलेल्या. आणि पाववाला म्हणायचा ते खरं होतं, असं काही बघायचा की आपल्यापाशी जे असेल ते देऊन टाकावं. तो माझ्याकडेच बघत होता. मान पुढे करून त्याने माझं चाक हुंगलं, नळी हुंगली, नवा पट्टा हुंगला. चांगला वेळ घेऊन हुंगला. त्यालाही कळलं असेल, मागे चालणारं ते हेच.

"गाडी बाजूला घेऊ का?" बाईंनी विचारलं.

"नको," मावशी म्हणाली. "असू दे. ओळख करून घेतोय तो."

शेठने हनुवटी माझ्या झोळीत टेकवली. मावशीचा हात त्याच्या मुडपलेल्या कानावर होता. बाईंनी सुई टोचली ती त्याला कळलीसुद्धा नाही. इतके दिवस मी त्याचं मागचं अंग वाहिलं होतं. त्याच्या डोक्याचं ओझं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ते हळूहळू जड झालं आणि मग तसंच राहिलं.

त्यानंतर मी खुंटीवरच आहे. माझ्यावर धूळ बसली, एक कोळीही नांदून गेला. मला त्याचं दुःख नाही. मला एवढंच सांगायचंय, की तुमच्या घरात कोणी थकलं असेल, माणूस असो की जनावर, तर त्याला सावरताना पट्ट्याखाली बोट घालून बघत जा. आपल्या आशेचा काच त्याला होत नाही ना, हे बघा. आणि मागून आधार देता तसे कधी समोर जाऊनही बसा. तोंड बघायचं राहून जाऊ देऊ नका.

परवा एक शिक्षिका दुकानात आल्या. त्यांच्या हातात एक तपकिरी कुत्री होती, मागचे पाय लोंबत असलेली. माझ्या नव्या पट्ट्यांसाठी मावशीने टेप काढला. आत जादा कापड ठेवायचं का, असं काकांनी विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली. "आज आहे तेवढंच."

ती कुत्री मान वर करून खुंटीकडे बघत होती. मीही तिला नीट बघून घेतलं. या वेळी आधीच.