पाहुण्याने कुठून मारायचं

मालू म्हात्रे रोह्याजवळच्या एका औषधांच्या कंपनीत केमिस्ट होती. कंपनीने कुंडलिकेच्या काठी आपल्या लोकांसाठी नऊ होलचं गोल्फचं मैदान केलेलं होतं आणि त्याचा एक छोटा क्लब होता. १९९६ साली मालू त्या क्लबची मेंबर झाली. तोवर तिथे दिसणाऱ्या बायका म्हणजे कुणा ना कुणा मेंबरची बायको. स्वतःच्या नावाने अर्ज भरून आलेली मालू पहिलीच. खेळायला ती वयाच्या तिसाव्या वर्षी शिकली, पण हात चांगला बसला.

ही बातमी तिने पेणच्या खाडीकडच्या आपल्या गावी जाऊन वडिलांना सांगितली, तेव्हा काळुराम म्हात्रेंनी खेळाबद्दल काही विचारलं नाही. ते म्हणाले, "ते ओटे हायत का अजून?"

मग मालूला लहानपणचं आठवलं. ती आठ वर्षांची असताना वडील चार महिने घरी नव्हते. खाऱ्या पाण्याला अडवणारे बांध घालण्यात काळुरामांचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं. कंपनीचा कंत्राटदार मातीतली जाणती माणसं शोधत खाडीपट्ट्यात आला आणि काळुरामांना अकरा गड्यांसकट रोह्याला घेऊन गेला. नदीकाठच्या सपाट भातखाचरात मातीचे नऊ उंच ओटे घालायचे होते. कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही. साहेब लोक वर उभे राहतील, एवढंच. ओटे झाले, वर हिरवळ लावायच्या आधीच गडी घरी परतले, आणि त्यानंतर काळुराम तिकडे कधी गेले नाहीत.

क्लबमध्ये दर जानेवारीत पाहुण्यांचा रविवार असे. त्या दिवशी प्रत्येक मेंबरने एक पाहुणा आणायचा आणि दोघांनी जोडीने खेळायचं. १९९९ च्या जानेवारीत मालूने वडिलांना बोलावलं. शनिवारच्या एसटीने ते पेणहून आले, पुलापलीकडच्या अष्टमी गावात तिच्या घरी उतरले, आणि चहा पिता पिता त्यांनी एक अट घातली. ओटे आपण घातले हे कुणाला सांगायचं नाही.

"का पण?" मालूने विचारलं.

"सांगितलंस तं ते मना नारल देतील नि खुर्चीवर बसवतील," काळुराम म्हणाले. "मना खेलायचा हाय."

तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. त्या संध्याकाळी मालूने त्यांना घरामागच्या मोकळ्या जागेत काठी कशी धरायची ते दाखवलं. पहिल्या दहा वेळा त्यांनी नुसती हवा मारली. अकराव्या वेळी चेंडू उडून शेजाऱ्यांच्या पडवळाच्या मांडवात गेला आणि काळुराम इतके खूश झाले की जेवताना दोनदा उठून हात फिरवून दाखवत होते.

रविवारी सकाळी क्लबच्या सेक्रेटरींनी, कमळाकर प्रधानांनी, सगळ्यांना नियम वाचून दाखवला. प्रधान कंपनीतून निवृत्त झालेले, पांढऱ्याशुभ्र टोपीतले, मृदू बोलणारे आणि नियमाला पक्के. प्रत्येक होलची, म्हणजे चेंडू मारत भोकापर्यंत न्यायच्या एकेका पट्ट्याची, सुरुवात जिथून करायची त्या जागेला टी म्हणतात. इथे प्रत्येक होलला दोन टी होत्या. मागची उंच ओट्यावर, निळ्या खुणांची, ती मेंबरांची. तिच्यापुढे साठ-सत्तर पावलांवर सपाट जमिनीवर पांढऱ्या खुणांची, ती पाहुण्यांची. मेंबर वर चढून मारेपर्यंत पाहुण्यांनी ओट्याखाली थांबायचं, आणि मग पुढे जाऊन आपल्या जागेवरून मारायचं.

मालूने हे दोन वर्षं ऐकलं होतं आणि कधी विचार केला नव्हता. आज मात्र पहिल्या ओट्यावर चढून तिने खाली पाहिलं, तर वडील दोन्ही हात पाठीमागे बांधून, मान वर करून उभे होते. हा ओटा त्यांनी रचलेला. तिचा चेंडू वाकडा गेला.

प्रधानही त्यांच्याच गटात होते. दुसऱ्या होलपाशी मालूने त्यांना बाजूला घेतलं आणि विचारलं की फक्त एकदा, एका होलला, बाबांना वरून मारू देता येईल का. प्रधानांनी तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, पण नकार दिला. त्यांनी कारणही सांगितलं. नवख्या माणसाची काठी जमिनीत घुसते, हिरवळीचे लचके निघतात. सपाट जागेचं नुकसान भरून काढता येतं, ओट्याचं नाही. ओटे जुने आहेत, कडा ढासळतात, आणि आता तसे घालणारं कुणी मिळत नाही. त्यांना जपायचं म्हणून हा नियम आहे, पाहुण्यांना कमी लेखायला नाही.

मालू काही बोलणार, एवढ्यात मागून काळुराम म्हणाले, "साहेबांचं बरोबर हाय."

दोघांनी वळून पाहिलं. "मी पन कुनाला चढू दिला नसता," काळुराम म्हणाले. प्रधानांना बरं वाटलं. त्यानंतर ते काळुरामांच्या बरोबरीने चालू लागले आणि कोणती काठी कशाला वापरायची ते समजावू लागले. मालू मागून चालत होती. बाप आपल्या बाजूचा की सेक्रेटरीच्या, तेच तिला कळेना. राग यायच्या ऐवजी हसूच यायला लागलं.

काळुरामांचा खेळ म्हणाल तर यथातथाच होता. पाचव्या होलला त्यांनी अकरा फटके घेतले. पण चेंडू भोकात पडताना जो बारीक आवाज होतो तो त्यांना फार आवडला. दर वेळी ते खाली वाकून चेंडू काढायचे आणि सगळ्यांकडे बघायचे. ठरल्याप्रमाणे ओट्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त प्रत्येक ओट्यापाशी थांबले की त्याच्या पायथ्याला बुटाने हळूच एकदा दाबून बघायचे.

सातवा होल ओढ्यापलीकडे होता. तिथे मात्र मागचा ओटा दोरी बांधून बंद केलेला होता. प्रधानांनी सांगितलं की दोन पावसाळ्यांपासून तो एका अंगाने खचतोय. कडा ढासळू नये म्हणून त्याच्या आधीच्या मे महिन्यात पायथ्याला सिमेंटची भिंत घातली होती, नंतर दोनदा माती टाकली, तरी बसतोच आहे. तेव्हा इथे मेंबर आणि पाहुणे सगळेच पांढऱ्या खुणांवरून मारतील.

असं सांगून ते पुढे निघाले, पण काळुराम जागचे हलले नाहीत. ते दोरीखालून वाकून आत गेले. ओट्याच्या खचलेल्या बाजूला उकिडवे बसले, मूठभर माती काढून बोटांनी चोळली, हुंगली. मग मालूची काठी उलटी धरून तिचा मुठीकडचा भाग त्यांनी मातीत खुपसला. काठी हातभर आत गेली.

प्रधान घाईघाईने मागे आले. आधी त्यांनी काठीकडे बघितलं, मग काळुरामांकडे, आणि शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाले, "काका, बाहेर या. तिथे जायला बंदी आहे."

"आत पानी हाय," काळुराम म्हणाले. "जायला वाट नाय त्याला." त्यांनी सिमेंटच्या भिंतीवर हात ठेवला. "ह्याच्या मागं मोरी हाय. पोकल ताडाचं खोड हाय, आडवं. तुमच्या मानसांनी तोंडच बुजवलं त्याचं."

प्रधान म्हणाले की अशी मोरी कुठल्याही नकाशात नाही.

"नकाशात कशी असंल?" काळुराम म्हणाले आणि एकदम गप्प झाले. आपण जास्त बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं.

आता प्रधान त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. मालूने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. पण सकाळपासून तिने सात ओट्यांपाशी तोंड मिटून ठेवलं होतं आणि आता तिला ते जमेना.

"सर, हे ओटे ह्यांनी घातलेत," ती म्हणाली. "नऊच्या नऊ."

प्रधानांनी टोपी काढली, परत घातली. मग पँट वर ओढून ते काळुरामांच्या शेजारी ओल्या मातीत उकिडवे बसले आणि म्हणाले, "मोरी नक्की कुठे आहे, दाखवता का?"

पुढची वीस मिनिटं सातव्या होलला खेळ थांबला. मागून येणारे दोन गटही तिथेच अडकले. आधी त्यांनी कुरकुर केली, मग तेही दोरीपाशी गोळा झाले. काळुराम सांगत होते: खाडीचा चिखल थराथराने कसा लावला, दोन थरांमध्ये पेंढा कसा अंथरला, पायाने तुडवून किती दिवस वाळू दिला. इथली माती खाडीसारखी चिकट नव्हती म्हणून धरमतरहून होडीने माती आणवली होती, हे ऐकून कंपनीचे मोठे साहेबही पुढे सरकले. कुणीतरी पहार आणली. भिंतीला एक भोक पाडल्यावर आधी नुसती हवा सुटल्यासारखा आवाज झाला आणि मग करड्या पाण्याची धार इतक्या जोरात बाहेर आली की पुढे उभ्या असलेल्या मोठ्या साहेबांचे बूट भिजले. सगळ्यात आधी तेच हसले.

खेळ पुन्हा सुरू झाला. आठवा होल काळुरामांनी नेहमीसारखा पांढऱ्या खुणांवरून खेळला. नवव्या होलपाशी आल्यावर प्रधान ओट्याच्या पायरीशी थांबले आणि त्यांनी हात पुढे केला.

"चला वर, काळुरामभाऊ."

"नियम हाय ना?"

"ज्यांच्यापासून ओटे जपायचे त्यांच्यासाठी आहे," प्रधान म्हणाले. "तुमच्यासाठी कसा असेल?"

काळुराम बूट काढू लागले. मालूने बूट घालूनच चालतं म्हणून सांगितलं, पण ते अनवाणीच वर चढले. वर पोचल्यावर त्यांनी लगेच काठी हातात घेतली नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालले. समोर नदी, तिच्यावरचा पूल, पलीकडे अष्टमीची घरं. पंचवीस वर्षांपूर्वी इथे उभं राहिलं की पाय चिखलात जायचे. आता तळव्याखाली गवत होतं. मालूने खालून पाहिलं तर त्यांचे ओठ हलत होते. नंतर तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले की, तेव्हाच्या गड्यांची नावं आठवत होतो, अकरा भरतात का ते बघत होतो.

मग त्यांनी मारलं. पहिल्यांदा हवा. दुसऱ्यांदा काठी जमिनीत घुसली आणि तळहाताएवढा हिरवळीचा लचका चेंडूच्याही पुढे उडाला. प्रधान ज्याला घाबरत होते नेमकं तेच झालं. काळुरामांनी काठी टाकली, लचका उचलून आणला, गुडघे टेकून परत बसवला आणि मुठीने ठोकून ठोकून सारखा केला. कडेची फट बोटाने बुजवली. मग उठून तिसऱ्यांदा मारलं, आणि चेंडू गेला. फार लांब नाही, पण सरळ, उंच, उन्हात चमकत गेला आणि खाली उभ्या असलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काळुरामांनी टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही. चेंडू थांबेपर्यंत ते बघत राहिले.

बक्षीस दुसऱ्याच जोडीला मिळालं. मालू आणि काळुराम शेवटून दुसरे आले. जेवताना वालाची उसळ काळुरामांनी दोनदा मागून घेतली.

फेब्रुवारीत प्रधान स्वतः पेणला गेले आणि सातव्या ओट्याचं काम करायला या म्हणून काळुरामांना सांगून आले. अकरा गड्यांपैकी चौघे राहिले होते, त्यातला पोपट ठाकूर कामाला आला. बाकीची माणसं नवी. पंधरा दिवसांत ओटा सारखा झाला. एप्रिलच्या सभेत क्लबने नियमही बदलला. पाहुणा आपल्या मेंबरबरोबर, मेंबर उभा राहतो तिथूनच मारू शकेल. हिरवळ निघाली तर दोघांनी मिळून परत बसवायची.

पुढच्या जानेवारीत काळुराम पुन्हा मालूचे पाहुणे म्हणून आले आणि प्रधानांनी आपला पाहुणा म्हणून पोपट ठाकूरला बोलावलं. पहिल्या ओट्याखाली प्रधानांनी मोठ्या आनंदाने त्याला नवा नियम सांगितला आणि वर चला म्हणाले. पोपटने ओट्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पुढे सपाटीवरच्या पांढऱ्या खुणांकडे पाहिलं.

"साहेब, चार महिने डोक्यावर मातीच्या पाट्या घेऊन चढलोय तिथं," तो म्हणाला. "मी आपला खालूनच मारतो."

आणि तो ऐटीत पुढे चालू लागला.