घरचीच सायकल

चौथ्यांदा सायकलची चेन उतरली तेव्हा बाळंतपणाला निघालेली ती नर्स नदीच्या वाळूत होती आणि पलीकडची वस्ती अजून दोन किलोमीटर लांब. काडीनं चेन उचलून दात्यांवर बसवली, पेडलवर जोर दिला की पुन्हा खटकन घसरे. शेवटी तिनं सायकल ढकलतच नेली. वाळूत चालावी म्हणून मुद्दाम घेतलेली जाड टायरची सायकल. ढकलायला मात्र म्हशीसारखी जड.

ती पोहोचण्याआधीच बाई बाळंत झाली होती. मायलेक सुखरूप होते, हे केवळ नशीब. दारातली सासू एवढंच म्हणाली, "आलात होय सिस्टर? बसा, दमला असाल."

त्या 'बसा'नं तिच्या अंगाची लाहीलाही झाली.

तिचा नवरा सायकलींचा मिस्त्री. नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखतो, अशी त्याची ख्याती. आणि बायको तीन आठवडे चेन घसरते म्हणून सांगत होती, तर त्याचं उत्तर ठरलेलं: तू गिअर चुकीचा टाकतेस. फारच मागे लागली, तर हातातलं गिऱ्हाईक होऊ दे, आपली घरचीच तर सायकल आहे, पळून जाते का कुठे.

ती परत आली तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती. तिनं न बोलता सायकल मोकळ्या स्टँडवर चढवली. संध्याकाळी बघतो, असं नवऱ्यानं सांगितलं. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अठरा वर्षं ती त्याचं काम बघत आली होती. पेडल उलटं फिरवत तिनं एकेक कडी बोटांनी वाकवून पाहिली. कुठलीच अडकत नव्हती. मागचा गिअरचा दांडा सरळ होता. टायरला चेन घासल्याची खूणही नव्हती.

"मिस्त्री, वहिनींनी दुकान काढलं तर तुमचं काही खरं नाही," एक गिऱ्हाईक म्हणालं. नवराही हसला.

तिनं खिळ्यावरची चेन मापायची पट्टी काढली. चेन चांगली असेल तर पट्टीचं टोक कड्यांत शिरत नाही. इथे ते सहज तळापर्यंत गेलं. चेन ताणून लांबली होती, दात्यांवर टिकणार कशी? पण हिला तर चारच महिने झाले होते. घातली त्या दिवशी नवऱ्यानं तिला जोडाची सोनेरी कडी कौतुकानं दाखवली होती. तिनं चेन पूर्ण फिरवली. पुन्हा एकदा फिरवली. जोडाची कडी काळी होती.

"माझी चेन कुठंय?"

बाकावरचं हसू थांबलं. नवरा हातातल्या पान्याकडे बघत सांगू लागला. दाताच्या डॉक्टरांचीही अशीच सायकल, त्यांची चेन तुटली, माल आला नव्हता. म्हणून हिची त्यांना दिली आणि त्यांची जुनी सांधून हिला घातली. दोन दिवसांपुरतीच. मग राहूनच गेलं.

"रविवारी त्यांना शर्यतीला जायचं होतं गं."

"आणि मी रोज कुठे जाते?"

तो फडक्यानं पाना पुसू लागला.

"तीन आठवडे तुम्ही मला गिअर टाकायला शिकवत होतात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता.

त्यानं हातातलं काम खाली ठेवलं, फळीवरून नव्या चेनचं खोकं काढलं आणि तिच्या स्टँडकडे आला. तेवढ्यात तिनं सायकल खाली उतरवून गिऱ्हाइकांच्या सायकलींमागे भिंतीला टेकवली.

"आधी यांचं करा. हे माझ्याआधी आलेत."

वहिनींचं होऊ द्या आधी, असं दोघंही पुटपुटले. ती ऐकेना. ते सरकले, तशी ती बाकाच्या कडेला बसली. हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

नवरा क्षणभर घुटमळला. मग त्यानं गिऱ्हाइकाच्या सायकलीला बांधतात तसलं एक कार्ड घेतलं आणि त्यावर तीन नंबर घातला.

"तक्रार काय लिहू?" त्यानं विचारलं.

"खरी असेल ती लिहा."

पेन चांगलं चालत होतं, तरी त्यानं ते दोनदा झटकलं.