माळेतला कोमट मणी

मी एक मणी बोलतोय, आणि हळूच बोलतोय. देवासला मोरोपंतांच्या देवघरात जी स्फटिकाची जपमाळ आहे, तिच्यात मेरूपासून सतरावा तो मी. माळेत मणी एकशेआठ. त्यातले एकशेसात खरे आणि मी खोटा. आजवर भीतीपोटी मी हे कुणाला सांगितलं नाही.

मी काचेचा. दूर विलायतेत कुठल्याशा भट्टीत वाळू वितळवून मला केलं, भोक पाडलं, भुसा भरलेल्या पेटीत घालून बोटीत चढवलं. धारच्या एका सरदाराच्या दिवाणखान्यात झुंबर होतं, त्याच्या सरीत मी लोंबत होतो. येणारे-जाणारे वर बघून म्हणत, ‘वा, स्फटिकाचं झुंबर!’ मला ते खरंच वाटायचं. इतके सगळे लोक म्हणतात म्हटल्यावर मी तरी का शंका घ्यावी?

पुढे दोर कुजून झुंबर खाली आलं. तिथले कारकून कृष्णाजी यांनी फुटक्यातले धड मणी वेचून आपल्या लेकीला खेळायला नेले. तिचं नाव सुमंगला. तिने मला सागरगोट्यांबरोबर एका डबीत ठेवलं. लग्न होऊन ती देवासला मोरोपंतांची सून झाली, तेव्हा डबीही तिच्या ट्रंकेत आली. ते दिवस फार बरे होते. मला कशाचीच भीती नव्हती.

भीती सुरू झाली शके अठराशे तेवीसच्या महाशिवरात्रीला. देवासच्या दोन गाद्यांपैकी थोरल्या पातीच्या राजवाड्यात मोरोपंत दफ्तरदार होते. माणूस कडक, सोवळ्याओवळ्याचा. घरात सासू नव्हती, म्हणून देवाची उपकरणी उजळायचं काम सुमंगलेकडे आलं. माळ लख्ख व्हावी म्हणून तिने ती रिठ्याच्या उकळत्या पाण्यात टाकली आणि काढल्याबरोबर गार पाण्यात बुडवली. टच्च असा आवाज झाला. सतरावा मणी दुभंगला होता.

पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. ती माळ मोरोपंतांच्या आजोबांपासूनची, आणि भंगलेला मणी जपाला चालत नाही. भांडी घासणारी गेंदा हे बघत होती. ती म्हणाली, “लाड़ी, रोवो मती. दूसरो मणको घाली दो, कुण देखे हे?”

सूनबाई, रडू नको, दुसरा मणी घाल, कोण बघतंय, असं ते माळवी बोलणं ऐकून सुमंगलेला डबी आठवली. तिने माळ उसवली, मला ओवलं आणि गाठी पुन्हा मारल्या. दुभंगलेला मणी तुळशीच्या मुळाशी पुरला. आणि मी देवघरात जाऊन बसलो.

पहिल्याच दिवशी मेरूमण्याने मला ओळखलं. तो म्हातारा खवचट होता.

“कुठला रे तू?”

“स्फटिकाचा,” मी म्हणालो.

“स्फटिक म्हणजे काय, ते तरी ठाऊक आहे का?” आणि त्याने मला धडा दिला. “लोक काय, वाटेल त्याला स्फटिक म्हणतात. चकाकलं की स्फटिक. पाणी नितळ असलं तर स्फटिकासारखं, कुणाचं मन स्वच्छ असलं तर तेही स्फटिकासारखं. खरा स्फटिक तो, ज्याचे कण पंगतीला बसल्यासारखे रांगेत बसतात. एक रांग, तिच्यावर तशीच दुसरी, सगळीकडे तीच रीत. मीठ बघ, खडीसाखर बघ, तुरटी बघ, डोंगरावरचं हिम बघ. त्यांना कुणी पैलू पाडत नाही, रांगेमुळेच ते येतात. तूही आमच्याच जातीच्या वाळूचा, पण तुला घाईने थंड केलं. रांग लागायच्या आतच तू थिजलास.”

इतकी वर्षं ज्या नावावर मिरवलो, ते माझं नव्हतंच.

“आणि एक ध्यानात ठेव,” तो म्हणाला, “आम्ही बोटाला गार लागतो. तू लगेच कोमट होतोस. जप करणाऱ्याला हे कळल्याशिवाय राहायचं नाही.”

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. मोरोपंत पहाटे गोमुखीत, म्हणजे जपाच्या पिशवीत, हात घालून बसत. अंगठा आणि मधलं बोट एकेक मणी ओढत येत. चौदा, पंधरा, सोळा, आणि मी. माझ्यावर आलं की ते बोट थबके. इतरांपेक्षा दुप्पट वेळ ते माझ्यावर रेंगाळे. मार्गशीर्षातल्या थंडीत तर मला वाटायचं, आता माळ बाहेर काढतील, सुमंगलेला हाक मारतील आणि मला अंगणात भिरकावतील. दाराआड तीही तशीच उभी असे, हातात निरांजन घेऊन. आम्ही दोघं एकाच भीतीने जगत होतो. पण मोरोपंत काही बोलत नसत.

दोन वर्षं अशी गेली आणि प्लेग आला. गाव रिकामं झालं, लोक माळावर झोपड्या बांधून राहिले. झोपडीत चौथ्या दिवशी सुमंगलेचा नवरा भास्कर तापाने फणफणला आणि त्याच्या काखेत गाठ आली. शेजारच्या झोपडीतून आदल्याच दिवशी दोघांना उचललं होतं. वैद्याने मान हलवली. मोरोपंतांनी स्नान केलं, पाणी सोडलं आणि मृत्युंजयाच्या अकरा हजार जपाचा संकल्प केला.

ते बसले ते उठेनात. माळ फिरत राहिली. मला गरगरल्यासारखं झालं. अकरा हजार म्हणजे शंभरावर माळा. दर माळेत एकदा मी. म्हणजे शंभराहून जास्त वेळा तो मंत्र एका खोट्या मण्यावर पडणार. ते जप देवापर्यंत पोचणार कसे? आणि तेवढेच कमी पडले तर? माझ्यामुळे भास्कर जाईल, या विचाराने मी पार गळून गेलो. एवढा भ्यालो नव्हतो मी कधी, झुंबर पडलं तेव्हासुद्धा नाही.

सुमंगलाही तोच हिशेब करत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती भास्करच्या उशापासून उठली आणि मोरोपंतांसमोर जमिनीवर डोकं टेकून म्हणाली, “मामंजी, जप थांबवा. माळेत एक मणी खोटा आहे. मीच घातलाय. माझ्या हातून खरा फुटला, आणि मी भ्याले. माझं काय करायचं ते करा, पण यांच्यासाठीचा जप फुकट घालवू नका.”

मोरोपंतांनी गोमुखीतून हात काढला. मला वाटलं, संपलं. त्यांनी मला बोटांत धरलं.

“सतरावा,” ते म्हणाले. “पहिल्याच पहाटे कळलं मला. कोमट लागतो.”

“मग बोलला नाहीत?”

“तू बोलशील म्हणून थांबलो. चुकलंच माझं. सासरा इतका कडक नसता, तर त्याच दिवशी बोलली असतीस.” “जप फुकट जात नाही, सूनबाई. ह्या मण्यावर मी मंत्र दोनदा म्हणतो. एकदा मोजणीतला आणि एकदा मोजणीबाहेरचा. तो तुझ्यासाठी, तुझी भीती जावी म्हणून. दोन वर्षं म्हणतोय.”

सुमंगला पदरात तोंड खुपसून रडली. मोरोपंत पुन्हा जपाला बसले. माझ्यावर आल्यावर बोट थबकलं, आणि या खेपेला मी कान देऊन ऐकलं. दोनदा.

तिसऱ्या दिवशी गाठ फुटली आणि भास्करचा ताप उतरला. माळावरच्या कितीतरी झोपड्यांत तसं झालं नाही, आणि तिथेही जप चाललेच होते. तेव्हा हे आमच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही.

आता मोरोपंत नाहीत. माळ सुमंगलेकडे आली आहे. गेल्या महिन्यात भास्कररावांनी उज्जैनहून एक अस्सल स्फटिकाचा मणी आणलाय, माझ्याच मापाचा. तो कापसात गुंडाळून ठेवलाय. आणि आज माळेचा दोरा झिजला म्हणून ती पुन्हा ओवायला घेतली आहे. आम्ही सगळे ताम्हनात सुटे पडलो आहोत. रांग मोडली आहे, सतरावा कोण ते आता कुणालाच सांगता येणार नाही. शेजारी तो कापूस दिसतोय. मला पुन्हा तीच जुनी भीती वाटते आहे. लोकहो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला काच म्हणा, खुशाल म्हणा, पण एकट्याला बाजूला काढू नका.

सुमंगला एकेक मणी उचलून गालाला लावते आहे. गार लागला की परत ठेवते. दहा झाले, वीस झाले. आता तिने मला उचललं. मी कोमट झालो. लपवता आलंच नाही.

ती थांबली. ओठ दोनदा हलले. मग तिने नव्या दोऱ्याचं टोक पाण्यात भिजवून पिळलं आणि सगळ्यांत आधी मला ओवलं.